नवजात शिशू अतिदक्षता प्रशिक्षणातील सिम्युलेशन पद्धती : एक चिकित्सा

प्रस्तावना

वैद्यकीय विद्यार्थी प्रत्यक्ष रुग्णावर शिकतो ही परंपरा जितकी जुनी आहे, तितकाच तिच्यातील नैतिक पेचही जुना आहे. नवशिक्या हाताची पहिली चूक कोणत्या ना कोणत्या देहावर उमटणार, हे गृहीत धरूनच पिढ्यान् पिढ्या डॉक्टर घडले. प्रौढ रुग्ण निदान प्रश्न विचारू शकतो, नकार देऊ शकतो. नवजात शिशूला यांपैकी काहीच शक्य नसते. त्यामुळे नवजात शिशू अतिदक्षता विभागात हा पेच सर्वाधिक तीव्र होतो. बाळाऐवजी बाहुल्यावर, म्हणजे मॅनिकिनवर, सराव करावा आणि प्रसूतिकक्षातील आणीबाणीचा प्रसंग हुबेहूब उभा करून डॉक्टर व परिचारिकांना एकत्र शिकवावे, ही सिम्युलेशनची कल्पना या पेचावरील उत्तर म्हणून पुढे आली. २००३ साली अमीताई झिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अकॅडेमिक मेडिसिन’ या नियतकालिकातील लेखात सिम्युलेशनला वैद्यकीय शिक्षणाची नैतिक अनिवार्यता मानले, ते याच भूमिकेतून.

ही भूमिका मूलतः मान्य करूनच प्रस्तुत लेखाची मांडणी केली आहे. तथापि एखादी पद्धती नैतिकदृष्ट्या इष्ट आहे म्हणून ती शैक्षणिकदृष्ट्या परिणामकारक ठरतेच असे नाही. सराव-खोलीत मिळवलेले कौशल्य बाळाच्या खाटेपर्यंत पोहोचते काय, आणि पोहोचत असेल तर कोणत्या अटींवर, हा या चिकित्सेचा मध्यवर्ती प्रश्न आहे. तो केवळ वैद्यकशास्त्राचा नाही. अध्ययनाचे एका परिस्थितीतून दुसऱ्या परिस्थितीत होणारे संक्रमण हा सर्वच विद्याशाखांतील अध्यापकांच्या आस्थेचा विषय आहे. येथे मात्र त्या संक्रमणाचे मोजमाप गुणपत्रिकेत होत नाही. ते बालमृत्यूच्या नोंदीत होते.

पद्धतीची जडणघडण

वैद्यकीय सिम्युलेशनचा आधुनिक इतिहास साधारणपणे १९६० पासून सांगितला जातो. नॉर्वेतील खेळणी तयार करणारे उद्योजक ओसमुंड लेरडाल यांनी त्या वर्षी कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या सरावासाठी ‘रेससी ॲन’ हा पुतळा तयार केला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘सिम वन’ हा संगणकनियंत्रित पुतळा भूलशास्त्राच्या शिक्षणासाठी वापरात आला. १९८० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठातील भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी विमानचालन क्षेत्रातील प्रशिक्षणाचे तत्त्व शस्त्रक्रियागृहात आणले. विमान अपघातांमागे वैमानिकाच्या तांत्रिक अज्ञानापेक्षा चमूतील संवादाचा अभाव अनेकदा अधिक कारणीभूत असतो, हे विमानचालन क्षेत्राने तोवर ओळखले होते. गाबा यांनी हीच दृष्टी वैद्यकाला दिली.

नवजात शिशूंच्या क्षेत्रात अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स आणि अमेरिकन हार्ट असोसिएशन यांनी १९८७ मध्ये नवजात पुनरुज्जीवन कार्यक्रम सुरू केला. आरंभी या कार्यक्रमाचे स्वरूप व्याख्यान, पाठ्यपुस्तक आणि सुट्या कौशल्यांचा सराव असे होते. २००० साली स्टॅनफर्डचे लुईस हॅलामेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकातून निराळा विचार मांडला. नळी घालणे वेगळे, औषध देणे वेगळे, असे तुकड्या-तुकड्यांनी शिकवण्याऐवजी संपूर्ण प्रसूतिकक्षच उभा करावा. त्यात वेळेचा ताण असावा, माता असावी, परिचारिका असावी, आणि प्रसंग संपल्यावर सर्वांनी बसून त्याची उकल करावी, असा तो विचार होता. २०११ मध्ये कार्यक्रमाच्या सहाव्या आवृत्तीने व्याख्यान मागे सारून सिम्युलेशन आणि प्रसंगोत्तर चर्चा, म्हणजे डिब्रीफिंग, यांना केंद्रस्थान दिले.

गरजेचे स्वरूप

या पद्धतीची गरज तपासताना तीन बाबी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली बाब प्रसंगांच्या दुर्मीळतेची आहे. पूर्ण दिवसांच्या दर १०० बाळांपैकी सुमारे ८५ बाळे जन्मताच आपण होऊन श्वास घेतात. सुमारे १० बाळे अंग पुसून, पाठ चोळून श्वास घेऊ लागतात. सुमारे ५ बाळांना पिशवी व मास्कच्या साहाय्याने कृत्रिम श्वास द्यावा लागतो. छाती दाबणे किंवा ॲड्रेनलिन देणे यांची वेळ हजारात जेमतेम एक-दोन बाळांवर येते. याचा अर्थ ५०० प्रसूतींना उपस्थित राहिलेल्या निवासी डॉक्टरला कृत्रिम श्वासाची गरज असलेली सुमारे २५ बाळे दिसतील, पण सर्वांत कठीण प्रसंग कदाचित एकदाच दिसेल किंवा दिसणारही नाही. जे क्वचितच घडते पण घडताना विचाराला उसंत देत नाही, ते केवळ अनुभवाच्या भरवशावर शिकता येत नाही.

दुसरी बाब काहीशी विरोधाभासात्मक आहे. उपचार सुधारले की शिकण्याची संधी घटते. गर्भजलात विष्ठा मिसळलेली असून बाळ मलूल असेल, तर पूर्वी श्वासनलिकेत नळी घालून ती स्वच्छ करण्याचा प्रघात होता. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनंतर हा प्रघात सरसकट पाळण्याचे कारण उरले नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना नाकावाटे दाबयुक्त हवा देण्याची पद्धत रूढ झाल्यानेही नळी घालण्याचे प्रसंग कमी झाले. बाळाच्या दृष्टीने हे हिताचेच आहे. परंतु शिकाऊ डॉक्टरच्या हाताला सवय लागण्याचा मार्ग त्यामुळे अरुंद झाला.

तिसरी बाब चमूच्या वर्तनाची आहे. अमेरिकेतील रुग्णालयांना अधिस्वीकृती देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये प्रसूतिकाळातील बालमृत्यू व कायमचे अपंगत्व यांच्या ४७ प्रकरणांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात सर्वाधिक, म्हणजे ७२ टक्के प्रकरणांत संवादातील त्रुटी हे मूळ कारण आढळले. निम्म्याहून अधिक रुग्णालयांनी उतरंड, दडपण आणि चमू म्हणून काम न करणे यांचा, म्हणजेच संस्थेच्या संस्कृतीचा, अडथळा नोंदवला. ज्ञान होते, साधने होती, पण ज्याला दिसले तो बोलला नाही, असा याचा आशय आहे. पाठ्यपुस्तक ही उणीव भरून काढू शकत नाही.

पुराव्याची चिकित्सा

गरज सिद्ध झाली तरी परिणाम सिद्ध होत नाही. या दृष्टीने टांझानियाच्या उत्तर भागातील हायडम लुथरन रुग्णालयातील अभ्यास अत्यंत उद्बोधक आहेत. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१० मध्ये ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हा अल्पसाधन देशांसाठीचा कार्यक्रम सुरू केला. साधा, स्वस्त बाहुला, पिशवी-मास्क आणि ‘सुवर्ण मिनिट’ ही त्याची त्रिसूत्री होय. जन्मानंतरच्या पहिल्या ६० सेकंदांत बाळाने श्वास घेतला पाहिजे किंवा त्याला श्वास दिला गेला पाहिजे, असे हे सूत्र सांगते. हायडममध्ये या कार्यक्रमाचे एक दिवसाचे प्रशिक्षण देण्यात आले. त्यापूर्वी आणि त्यानंतर सात महिन्यांनी बाहुल्यावर चाचणी घेतली असता पुनरुज्जीवनाच्या प्रसंगात उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ७४ टक्क्यांवर गेले. कोणत्याही शिक्षकाला समाधान वाटावे असाच हा निकाल आहे. परंतु याच काळात प्रत्यक्ष प्रसूतिकक्षात केलेल्या निरीक्षणांत कृत्रिम श्वास दिलेल्या बाळांच्या संख्येत फरक पडला नाही, आणि अंग चोळून बाळाला चेतवण्याचे प्रमाण तर घटलेले आढळले. हे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

या निष्कर्षाचे महत्त्व नीट समजून घेतले पाहिजे. प्रशिक्षणाचा परिणाम टिकत नाही याचे खापर आपण सामान्यतः विस्मरणावर फोडतो. येथे तशी सोय नाही, कारण सात महिन्यांनंतरही कौशल्य शाबूत असल्याचे चाचणीने दाखवले होते. येत होते, पण केले जात नव्हते. कौशल्य आणि आचरण यांतील हे अंतर सिम्युलेशनच्या पुरस्कर्त्यांनी गांभीर्याने घेण्याजोगे आहे.

याच रुग्णालयाने पुढे मार्ग बदलला. दिवसभराच्या कार्यशाळेवर विसंबण्याऐवजी कामाच्या जागीच, दर आठवड्याला तीन ते पाच मिनिटांचा बाहुल्यावरील सराव सुरू झाला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पहिल्या २४ तासांतील मृत्यूचे प्रमाण हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. विशेष म्हणजे बाळाला चेतवण्याचे प्रमाण वाढले आणि पिशवी-मास्क वापरण्याचे प्रमाण ७.३ टक्क्यांवरून ५.९ टक्क्यांवर उतरले. साधी पायरी वेळेवर घेतली की पुढच्या पायरीची गरज कमी होते, असा त्याचा अर्थ लावता येतो. हा पूर्व-उत्तर तुलनेचा अभ्यास असून त्यात स्वतंत्र नियंत्रित गट नव्हता, ही मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. तरीही बाहुला तोच, रुग्णालय तेच आणि फलित मात्र भिन्न, ही बाब दुर्लक्षिता येत नाही.

अन्य अभ्यासांचे चित्र संमिश्र आहे. टांझानियातील आठ रुग्णालयांच्या अभ्यासात (२०१३) पहिल्या २४ तासांतील नवजात मृत्यू ४७ टक्क्यांनी आणि प्रसूतीच्या वेळी होणारे मृतजन्म २४ टक्क्यांनी घटले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या बेळगाव परिसरातील अभ्यासात ५९९ प्रसूती-सेवकांना प्रशिक्षण दिल्यानंतर एकूण मृतजन्मांचे प्रमाण ३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आले, नवजात मृत्यूंचे प्रमाण मात्र बदलले नाही. पूर्वी मृत म्हणून बाजूला ठेवली जाणारी काही बाळे वाचली, असा याचा एक संभाव्य अर्थ आहे. पुढे नागपूर, बेळगाव आणि केनियातील एल्डोरेट येथे हा कार्यक्रम विस्तारला, तेव्हा २०१६ च्या अहवालानुसार एकूण लोकसंख्येच्या पातळीवर प्रसूतिकालीन मृत्यूदरात लक्षणीय घट दिसली नाही.

सधन देशांतही हेच घडते. इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयात सर्व प्रसूती कर्मचाऱ्यांनी आपल्याच रुग्णालयात एकत्रित सराव केला. त्यानंतर प्राणवायूच्या अभावामुळे मेंदूला होणाऱ्या इजेचे प्रमाण दर दहा हजारांत २७.३ वरून १३.६ इतके कमी झाले (२००६). हीच पद्धत स्कॉटलंडमधील बारा प्रसूती विभागांत नेली असता बाळांच्या अपगार गुणांत अपेक्षित सुधारणा आढळली नाही (२०२०). जेथे पद्धत रुजली तेथे ती फळली, जेथे ती वरून आली तेथे तिचे फळ अनिश्चित राहिले, असे या जोडीवरून म्हणावेसे वाटते. मात्र दोन्ही अभ्यासांची रचना वेगळी असल्याने हे अनुमान सावधपणेच स्वीकारावे लागेल.

हुबेहूबपणाचा मोह

पुरावा असा संमिश्र असताना खरेदीचा ओघ मात्र महागड्या मॅनिकिनकडे वाढताना दिसतो. रडणारा, निळा पडणारा, नाळेची नाडी उडणारा बाहुला पाहणाऱ्याला प्रभावित करतो. परंतु कॅनडातील टोरांटो येथे नवजातशास्त्राच्या प्रशिक्षणार्थींवर केलेल्या २०१२ च्या अभ्यासात उच्च तंत्रज्ञानाचा बाहुला साध्या बाहुल्यापेक्षा सरस ठरल्याचे आढळले नाही.

यामागील कारण अध्ययनशास्त्रात शोधता येते. बाह्य साम्य आणि कार्यसाम्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मास्क चेहऱ्यावर नीट बसला नाही तर छाती वर उचलली जाऊ नये, एवढे बाहुल्याने दाखवले तरी मुख्य धडा साध्य होतो. याउलट जे शिकवणे सर्वांत निकडीचे आहे, ते महागड्या पुतळ्यातही उतरत नाही. सातशे ग्रॅमच्या बाळाची ओल्या कागदासारखी त्वचा, त्याच्या फुप्फुसांचा क्षणाक्षणाला बदलणारा ताठरपणा, हाताला जाणवणारा थंडपणा यांना प्लास्टिकमध्ये पर्याय नाही. बाहुल्यावर शंभर वेळा नळी घातलेल्या डॉक्टरलाही पहिल्या बाळाच्या वेळी ज्येष्ठाची देखरेख लागतेच. ती गरज नाकारणारा आत्मविश्वास ही प्रशिक्षणाची हानीच समजली पाहिजे.

सिम्युलेशनच्या कक्षेबाहेर राहणारे

सिम्युलेशनला नाट्य प्रिय आहे. त्यात प्रसंग दहा मिनिटांचा, संकट एक आणि शेवट निश्चित असतो. अतिदक्षता विभागातील बहुतांश काम मात्र नाट्यहीन असते. प्रत्येक बाळाला हात लावण्यापूर्वी हात धुणे, थेंब-थेंब जाणाऱ्या सलाइनचा वेग तपासणे, आईचे दूध नळीवाटे मोजून देणे, बाळाची ऊब राखणे, प्राणवायूची पातळी अकारण वाढू न देणे, ही कामे रात्रभर चालतात. जंतुसंसर्ग हे आपल्याकडील नवजात मृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे आणि तो बहुधा कोणत्याही आणीबाणीची घंटा न वाजवता शिरतो. अतिरिक्त प्राणवायूमुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलाला होणारी इजा कित्येक आठवड्यांनी उमगते. सिम्युलेशन मिनिट शिकवते, रात्र शिकवत नाही. हा त्या पद्धतीचा दोष नसून तिची मर्यादा आहे. अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी तिचे भान सोडले की तो दोष होतो.

दुसऱ्या प्रकारचे प्रसंग सिम्युलेशनच्या कक्षेत सहज येऊ शकतात, तरीही बाहेर राहतात. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू विशेष दक्षता विभागात आग लागली आणि दहा बाळांचा मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये झाशी येथील वैद्यकीय महाविद्यालयातही नवजात अतिदक्षता विभागाला आग लागून बाळे दगावली. अशा दुर्घटनांची मुख्य कारणे विद्युतव्यवस्था, इमारत आणि प्रशासन यांत शोधावी लागतात, प्रशिक्षणाने ती दूर होत नाहीत. परंतु धुराने भरलेल्या विभागातून वॉर्मर व नळ्यांना जोडलेली बाळे कोणी, कोणत्या क्रमाने, कोणत्या दाराने बाहेर न्यायची, हा शब्दशः चमूच्या सरावाचा विषय आहे. त्यासाठी महागडा बाहुला लागत नाही, कापडी गाठोडेही पुरते. तरीही ‘वैद्यकीय’ सिम्युलेशनच्या प्रचलित कल्पनेत हा सराव अभावानेच आढळतो, कारण त्यात शरीरशास्त्र नाही. बाळाच्या जिवाला मात्र हा विषयविभाग ठाऊक नसतो.

आपल्याकडील संदर्भ

भारतात २००९ पासून नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमांतर्गत डॉक्टर व परिचारिकांना पुनरुज्जीवनाचे मूलभूत प्रशिक्षण दिले जाऊ लागले. २०१९ मध्ये क्षमताधिष्ठित वैद्यकीय अभ्यासक्रम लागू झाला आणि वैद्यकीय महाविद्यालयांत कौशल्य प्रयोगशाळा अनिवार्य ठरली. धोरण म्हणून हे स्वागतार्हच आहे. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०२० मध्ये देशाचा नवजात मृत्यूदर हजार जिवंत जन्मांमागे २० होता. २०१४ च्या राष्ट्रीय नवजात कृती आराखड्याने २०३० पर्यंत तो एकआकडी करण्याचे उद्दिष्ट ठेवले. हे अंतर कापण्यात प्रशिक्षणाचा वाटा मोठा असणार आहे.

तथापि अनिवार्यतेची एक नित्याची परिणती अध्यापकवर्गाला परिचित आहे. खोली, बाहुला आणि हजेरीपट तपासणीच्या दिवशी सज्ज असतात. त्यांचे क्षेत्रफळ व संख्या मोजता येते. आठवड्यातून पाच मिनिटे, मध्यरात्रीच्या पाळीत, प्रसूतिकक्षाच्या कोपऱ्यात झालेला सराव मोजण्याचा रकाना कोणत्याही तपासणीपत्रकात सहसा नसतो. हायडमचा अनुभव पाहता नेमका तोच मोजायला हवा. आपली मूल्यमापन पद्धती सिम्युलेशनमधील सर्वांत दृश्य आणि सर्वांत दुय्यम भागाला गुण देते, ही यातील खरी अडचण होय.

दुसरी अडचण डिब्रीफिंगची आहे. प्रसंगानंतरच्या चर्चेत कनिष्ठ परिचारिकेने प्राध्यापकांना ‘सर, मास्क सैल होता’ असे निर्भयपणे म्हणता आले तरच त्या सरावाला अर्थ राहतो. आपल्या रुग्णालयांतील उतरंड अशा वाक्याला अनुकूल नाही. आणि जे बाहुल्यासमोर म्हणता येत नाही, ते बाळासमोर म्हटले जाईल ही अपेक्षा व्यर्थ आहे. अनेकदा डिब्रीफिंगचे रूपांतर ज्येष्ठांच्या उपदेशात किंवा तोंडी परीक्षेत होते. त्यामुळे बाहुल्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक गुंतवणूक चर्चा चालवणाऱ्या अध्यापकाच्या घडणीत व्हावयास हवी.

या संदर्भात गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेच्या कार्याचे स्मरण होते. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना घरच्या घरी नवजात शिशूंची काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथील नवजात मृत्यूदर तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. हे सिम्युलेशनचे यश म्हणता येणार नाही, तो अनेक उपायांचा एकत्रित परिणाम होता. परंतु शिकवणे, प्रत्यक्ष कामावर नियमित देखरेख ठेवणे आणि प्रत्येक बाळाची नोंद तपासणे ही साखळी तेथे अखंड होती. अल्पशिक्षित स्त्रियांच्या हाती ती साखळी जे साध्य करू शकली, ते ती तुटलेली असताना सुसज्ज प्रयोगशाळेलाही साधणार नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. नवजात अतिदक्षतेच्या प्रशिक्षणात सिम्युलेशनला पर्याय नाही, कारण बाळ हे सरावाचे साधन होऊ शकत नाही. परंतु बाहुल्यावरील यश हे प्रसूतिकक्षातील यशाचा पुरावा मानता येत नाही. अल्प, वारंवार आणि कामाच्या जागी होणारा सराव, सर्व पदांच्या व्यक्तींचा एकत्रित सहभाग आणि निर्भय चर्चा या अटी पूर्ण होतात तेथे संक्रमणाची शक्यता वाढते. बाहुल्याची किंमत ही त्यांतील अट नाही. म्हणून महाविद्यालयांनी कौशल्य प्रयोगशाळेचा अहवाल देताना किती जणांना प्रमाणपत्र दिले यासोबतच, श्वास न घेणाऱ्या किती बाळांना पहिल्या मिनिटात श्वास मिळाला, हेही नोंदवावे. ही नोंद ठेवणे अवघड आहे आणि ती पुष्कळदा आपल्याला अप्रिय ठरेल. पण प्रशिक्षण कोणासाठी आहे याचे उत्तर तिच्यातच मिळते.